म्हाताऱ्या कुत्र्याची गाठ

आपल्या प्राचीन वाङ्मयात कुत्र्याची वाण नाही. देवांची कुत्री सरमा ऋग्वेदात आहे, दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत, धर्मराजाच्या महाप्रस्थानात अखेरपर्यंत सोबतीला उरतो तो कुत्राच, आणि जेजुरीच्या खंडोबापुढे स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेणारे वाघ्ये तर आजही आहेत. परंतु ज्या वाङ्मयाने कुत्र्याला देवादिकांच्या सान्निध्यात बसविले, त्याच वाङ्मयाच्या वैद्यकशाखेत तो आजारी पडला म्हणजे काय करावे याची विचारपूस जवळजवळ नाही. शालिहोत्राने अश्वाचे शास्त्र सांगितले, पालकाप्याने हत्तीचे; अग्निपुराणात गज, अश्व आणि गाय या तिघांच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय लाभले. कुत्रा सुश्रुताच्या कल्पस्थानात येतो, पण तो रोगी म्हणून नव्हे, तर अलर्कविषाचा, म्हणजे पिसाळलेल्या दंशाचा, कर्ता म्हणून. तेथे उपचार होतो तो चावलेल्या माणसावर. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या जनावराची नोंद राजदप्तरी मालमत्ता म्हणून होते त्याच्यासाठी वैद्य नेमला जातो, त्या वैद्याचा तनखा ठरतो आणि त्याची विद्या ग्रंथनिविष्ट होते. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत पीलखान्याच्या जोडीला शिकारखानाही होता खरा. तथापि तेथील कुत्र्याचे मोल त्याच्या धावण्यात होते, आणि धाव संपली की सरकारी हिशेबातून त्याची रक्कमही वजा होत असणार.

ज्ञानाची उणीव होती असे मात्र म्हणता येत नाही. सुश्रुताच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांना वाहिलेला आहे. त्यात मेदापासून उद्भवणारी जी ग्रंथी वर्णिली आहे ती स्निग्ध, मोठी, अल्प वेदनेची आणि शरीर पुष्ट झाले की वाढणारी, रोडावले की घटणारी अशी आहे, तर अर्बुद म्हणून जे सांगितले आहे ते गोल, स्थिर, खोल मुळाचे, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे असे आहे. दहा-बारा वर्षांच्या एखाद्या लठ्ठ लॅब्राडॉरच्या बरगडीवरची मऊ, बोटाखाली सरकणारी चरबीची गाठ आणि त्याच्याच मांडीवरची घट्ट, तळाशी रुतून बसलेली गाठ या दोहोंतला भेद सांगायला आजच्या पशुवैद्यालाही आरंभी याहून फार वेगळी भाषा लागत नाही. मनुष्याच्या देहावर इतक्या बारकाईने चाललेली ही दृष्टी दारातल्या कुत्र्याच्या देहावर कधी वळली नाही, कारण ती वळवावी असे कोणाला वाटण्याइतका तो कुत्रा बहुधा जगतच नसे.

खेड्यापाड्यातल्या कुत्र्याचे आयुष्य लहान असे. बिबट्याने उचलणे, पिसाळणे, माऱ्यात सापडणे, आणि पिल्लांत डिस्टेंपरची साथ येणे, यांतून जो तरे तो चार-सहा वर्षे वाड्याची किंवा मेंढवाड्याची राखण करी. त्याच्या कातडीच्या दुखण्यांचे जे उपचार लोकांना ठाऊक होते ते सगळे वरवरचे आणि त्या मर्यादेत पुष्कळ उपयोगी असे होते: गोचीड हाताने वेचून काढणे, लूत लागली तर करंजाच्या तेलात गंधकाची पूड खलून चोपडणे, मुका मार असेल तर आंबेहळद उगाळून लेप देणे. गाठ मात्र या सर्वांना दाद देत नसे, आणि मग बैलाच्या सुजेवर जो उपाय चाले तोच कुत्र्यावर चालविला जाई, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग किंवा बिब्ब्याचा चटका. या चटक्याने गाठ गेली असे सांगणारे लोक अद्याप भेटतात; त्यांना खोटे म्हणण्याची गरज नाही, कारण कुत्र्यांच्या काही गाठी, विशेषतः कोवळ्या वयातल्या, मुळातच आपोआप विरून जाणाऱ्या असतात, आणि त्याचे श्रेय डागाला मिळते. आदर आणि औषधपाणी ही दोन खाती आपल्याकडे निराळी होती, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले आणि महाराजांनी त्याला पोशाख व पालखीचा मान दिला, अशी कथा आहे. कथेत पालखी आहे, वैद्य नाही.

कुत्र्याला म्हातारा होऊ द्यावा की नाही हा प्रश्न महाराष्ट्रात सार्वजनिक रीतीने पहिल्यांदा उभा राहिला तो मुंबईत, आणि तोही दंगलीच्या रूपाने. कंपनी सरकारच्या पोलिसांनी शहरातील मोकाट कुत्री उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत मारण्याचा परिपाठ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पाडला होता. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्यामुळे कुत्रे मारणाऱ्यांचा हात मोकाट आणि पाळीव यांत भेद करीनासा झाला. आवारातून आणि उंबरठ्यावरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पारशी समाजात कुत्रा केवळ राखणदार नव्हे. मृताला कुत्र्याची दृष्टी पडावी या सगदीदच्या विधीमुळे तो धर्मकृत्याचा सहभागी आहे. ६ जून १८३२ हा त्यांचा सणाचा दिवस होता, आणि त्या दिवशी कोटात कुत्री मारीत फिरणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले, कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली, आणि अखेरीस दंगलीच्या कायद्याची घोषणा वाचून दाखवून पलटणीकरवी बंदोबस्त करावा लागला. पुढे जमशेटजी जीजीभाई आदी मान्यवरांचा अर्ज गेला आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा निघाला. इंग्रज अंमलातील मुंबईची ही पहिली मोठी दंगल कुत्र्यांवरून झाली ही गोष्ट ऐकून आज लोक हसतात. परंतु त्या दोन दिवसांत रस्त्यावरच्या जनावराच्या जिवावर रयतेचाही काही शब्द चालतो हे सरकारला प्रथमच ऐकून घ्यावे लागले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

याचेच एक फळ म्हणजे १८३४ साली जमशेटजी आणि जैन धनिक व्यापारी यांनी मिळून स्थापिलेला मुंबईचा पांजरपोळ. तेथे निकामी, जखमी आणि वृद्ध जनावरांना मरेपर्यंत पोसण्याची तरतूद होती. ही तरतूद दयेची होती, चिकित्सेची नव्हती, आणि त्या काळातील युरोपीय प्रवाशांनी पांजरपोळांवर जी टीका केली आहे तिचा रोख नेमका यावरच आहे: येथे जनावर मारीत नाहीत आणि बरेही करीत नाहीत. टीकेत तथ्य होते, पण टीकाकारांच्या स्वतःच्या देशातही कुत्र्याच्या वैद्यकाचे वय तेव्हा फार नव्हते. क्लोद बुर्जला याने लियाँ येथे पहिली पशुवैद्यकशाळा १७६० च्या दशकाच्या आरंभी काढली आणि लंडनची १७९१ साली निघाली, त्या दोहोंच्या मुळाशी घोडा आणि गुरे होती. कुत्र्याच्या रोगांवरील डेलाबीअर ब्लेनचा इंग्रजी ग्रंथ १८१७ साली आला आणि विल्यम युआटचा १८४५ साली, आणि ते वाचणारे बव्हंशी शिकारीचे शौकीन जमीनदार होते.

मुंबईत हे चित्र बदलले ते परळला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली, आणि पुढच्याच दशकात गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाईंच्या नावाने, जनावरांचे रुग्णालय उभे केले. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. गिरणगावातले लोक या ठिकाणाला बैलघोडा हॉस्पिटल म्हणत, आणि अजूनही म्हणतात. नावात कुत्रा नाही, आणि आरंभीच्या रुग्णांतही तो अल्पसंख्य असला पाहिजे, कारण त्या वेळची मुंबई बैलांच्या खटाऱ्यांवर, व्हिक्टोरियांवर आणि १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामवर चाललेली होती. परंतु महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचे लक्ष केवळ घोड्यापुरते नव्हते. ते लष्करी पशुवैद्य होते; ब्रह्मदेशात खेचरांच्या रक्तातील परोपजीवी जंतूचा त्यांनी अभ्यास केला होता, गुरांच्या रोगांवर त्यांचा एक ग्रंथ निघालेला होता, आणि परळच्या खुर्चीवर असतानाच १८८८ साली त्यांनी कुत्र्याच्या रोगांवर एक भलामोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या शहरात छप्पन्न वर्षांपूर्वी कुत्र्याच्या शेपटीला आठ आण्यांचा भाव होता त्याच शहरात कुत्र्याच्या यकृतापासून कातडीपर्यंतच्या विकारांची क्रमवार मांडणी करणारा माणूस बसलेला होता, ही गोष्ट मला त्या दंगलीपेक्षाही लक्षणीय वाटते. १८९१ साली स्टील वारले.

ट्रामचे घोडे १९०५ साली गेले, १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली, मोटारी आल्या, आणि पुढे १९४९ साली आरे येथे दूधवसाहत निघाल्यावर शहराच्या पोटातील म्हशींचे गोठेही हलू लागले. शहरातून घोडा गेला की पशुवैद्याच्या दारात कुत्रा येतो. हा क्रम लंडनला, न्यूयॉर्कला घडला तसाच तो मुंबईला घडला. तथापि केवळ वैद्य रिकामा झाल्याने रुग्ण म्हातारा होत नाही. कुत्र्याला म्हातारपण मिळाले ते लशींनी. डिस्टेंपर हा विषाणूचा रोग आहे हे कारे या फ्रेंच संशोधकाने १९०५ साली दाखविले, आणि लेडलॉ व डंकिन यांनी इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावर लस सिद्ध केली. पिसाळावरच्या लशी आधीच होत्या, त्या कुत्र्यांना नेमाने टोचण्याची पद्धत शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. दादर-माटुंग्याच्या किंवा पुण्याच्या डेक्कन भागातील मध्यमवर्गीय घरात पोमेरेनियन नावाने ओळखला जाणारा पांढरा केसाळ कुत्रा तेरा-चौदा वर्षे सहज जगू लागला, आणि मग त्या घरच्या मंडळींच्या हाताला, जेवण झाल्यावर सवयीने त्याच्या पाठीवरून फिरणाऱ्या हाताला, एक दिवस काहीतरी लागू लागले. अर्बुद हे बहुतांशी वार्धक्याचे दुखणे आहे. आठ-दहा वर्षांच्या पुढे जगणारी कुत्री समाजात जितकी वाढली तितक्या गाठीही वाढल्या. अन्नातली भेसळ किंवा शहराची हवा यांना दोष देण्याआधी हा साधा हिशेब ध्यानी घ्यावा असे मला वाटते.

अर्बुदाच्या शास्त्राचा कुत्र्याशी जो ऋणानुबंध आहे तो मात्र याहून जुना आणि विलक्षण आहे. १८७६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने एका कुत्र्याच्या अर्बुदाचा तुकडा पिल्लांच्या अंगात रुजवून दाखविला. अर्बुद एका देहातून दुसऱ्या देहात यशस्वीपणे लावल्याचा हा पहिला प्रयोग समजला जातो. ते अर्बुद होते कुत्र्यांच्या समागमातून पसरणारे, आपल्याकडच्या रस्त्यावरील कुत्र्यांत आजही नित्य दिसणारे, जननेंद्रियांवर आणि क्वचित नाकावर किंवा कातडीवर फुलकोबीसारखे उगवणारे, रक्त ठिबकणारे. त्याचे रहस्य उलगडायला मात्र २००६ साल उजाडावे लागले. लंडनच्या संशोधकांनी सिद्ध केले की जगभरच्या कुत्र्यांतील या गाठींच्या पेशी त्या त्या कुत्र्याच्या नसून एकाच पुरातन कुत्र्याच्या आहेत. तो कुत्रा मेला, त्याचे अर्बुद जनावरामागून जनावर धरीत जगत राहिले. २०१९ सालच्या अभ्यासाने त्या मूळ कुत्र्याचा काळ चार हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याचा देश आशिया खंड असा ठरविला आहे. पंचनद प्रदेशात हडप्पेची पहिली वीट भाजली गेली त्याच्या मागेपुढे केव्हातरी कोणा कुत्र्याला उठलेली ही गाठ आज दादरच्या फुलबाजारात झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर आहे. आणि तिचे औषधही आपल्या ओळखीचेच निघाले: आपल्याकडे तुळशीवृंदावनाच्या कडेला लावली जाणारी सदाफुली, मूळची मादागास्करची, तिच्यातील व्हिन्क्रिस्टिन हे द्रव्य १९६० च्या दशकापासून माणसांच्या रक्तकर्करोगात वापरले जाते, आणि कुत्र्याच्या या गाठीवर ते दर आठवड्याला शिरेतून दिले असता चार ते सहा आठवड्यांत बहुतेक वेळा गाठ पार नाहीशी होते. इतके आज्ञाधारक अर्बुद दुसरे नाही.

घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या गाठी इतक्या सरळ नसतात. त्यांतल्या पुष्कळ निरुपद्रवी असतात: चरबीच्या, तेलग्रंथींच्या, चामखिळीसारख्या, किंवा कातडीखाली साचलेल्या पुटकुळीच्या. परंतु एक जात अशी आहे की जिने भल्याभल्यांना चकविले. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत, १८७० च्या दशकाच्या अखेरीस, रंगद्रव्यांचे प्रयोग करताना कणांनी गच्च भरलेल्या काही पेशी पाहिल्या आणि त्या खाऊनपिऊन पुष्ट झाल्या आहेत असे समजून त्यांना मास्ट पेशी म्हटले. या पेशींचे अर्बुद कुत्र्याच्या कातडीवरील घातक अर्बुदांत सर्वांत अधिक आढळते. बॉक्सर आणि पग या चपट्या नाकाच्या जातींत, आणि लॅब्राडॉरमध्येही, त्याचे प्रमाण विशेष आहे. त्या पेशींतील कण फुटले की हिस्टामिन बाहेर पडते, म्हणून ही गाठ दाबली-चोळली तर लाल होते, फुगते, दोन दिवसांनी पुन्हा बसते. आणि मालक म्हणतो, उतरली, सूज होती. कधी ती डासाच्या चाव्यासारखी दिसते, कधी चामखिळीसारखी, आणि कधी इतकी मऊ लागते की अनुभवी बोटेही तिला चरबी म्हणून सोडून देतात. १९८४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिरुग्णालयातील पटनाईक आणि त्यांचे सहकारी यांनी ८३ कुत्र्यांतील अशा गाठी तपासून त्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या; पहिल्या श्रेणीतील कुत्री शस्त्रक्रियेनंतर बहुतेक दीर्घकाळ जगली, तिसऱ्या श्रेणीतील फार थोडी. २००९ साली अमेरिकेत केवळ कुत्र्याच्या कर्करोगासाठी म्हणून जे पहिले औषध संमत झाले, ते टोसेरानिब, तेही याच गाठीसाठी.

तेव्हा गाठीचे निदान बोटांनी करू नये, सुईने करावे, हा या सर्व इतिहासाचा व्यवहारातला अर्थ. सुईने पेशी शोषून घेऊन तपासण्याची रीत न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली माणसांसाठी मांडली. परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा विकृतिशास्त्रज्ञ आला. एकाच वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर, माणसाच्या गाठीची आणि बैलघोडा हॉस्पिटलातल्या जनावराच्या गाठीची काच एकाच जातीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जाऊ लागली.

ही तपासणी प्रत्यक्ष पाहिली म्हणजे तिचा धसका उरत नाही. पत्र्याच्या टेबलावर कुत्रा उभा असतो, मदतनिसाने एक हात त्याच्या मानेखालून आणि दुसरा पोटाखालून घातलेला असतो. सोबत आलेले आजोबा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, म्हातारपणाची चरबी असेल हो, आता बारा वर्षांच्या जिवाला कशाला कापता?" डॉक्टर गाठ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरीत म्हणतात, "कापत नाही, आजोबा. इंजेक्शनची सुई आहे, तुम्ही फक्त त्याच्याशी बोलत राहा." बावीस गेजची बारीक सुई गाठीत जाते, आतल्या आत चार-पाच वेळा मागेपुढे होते, बाहेर येते, सिरिंजमध्ये हवा भरून सुईतला ऐवज काचेवर फुंकला जातो आणि दुसऱ्या काचेने तो अलगद पसरला जातो. चरबीची गाठ असेल तर काच तेलाने माखल्यासारखी चकाकत राहते आणि वाळता वाळत नाही. मास्ट पेशी असतील तर रंग चढविल्यावर जांभळ्या कणांचा सडा पडलेला दिसतो. सगळा मामला काही मिनिटांचा. लस टोचताना जेवढी कुरकूर होते त्याहून अधिक कुरकूर बहुतेक कुत्री करीत नाहीत. सुईने निर्णय लागला नाही तर मात्र गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ फॉर्मालिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवावी लागते, आणि गाठ काढली असेल तर कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोचल्या आहेत का हे त्या अहवालात आवर्जून पाहावे लागते.

दवाखान्याची वाट केव्हा धरावी याविषयी पशुवैद्यांत आता बऱ्यापैकी एकमत आहे. गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटरची, झाली किंवा महिनाभर टिकून राहिली, की तिच्यात सुई गेलीच पाहिजे. ती दुखते की नाही हा प्रश्न गौण आहे, कारण घातक गाठी आरंभी बहुधा दुखत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यादेखत वाढलेली, फुटून चिघळलेली, रंग पालटलेली, खालच्या मांसाला चिकटून बसलेली, कुत्रा सारखी चाटत असलेली, किंवा कधी मोठी कधी लहान होणारी गाठ असेल तर महिन्याचीही वाट पाहू नये. तोंडातल्या, पापणीवरच्या आणि पायाच्या बोटांवरच्या गाठींना सवलत नाही. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना एकदम फुगवटे आले, तर ते कातडीचे दुखणे नसून लसिकाग्रंथींचे असू शकते, आणि ते त्याच आठवड्यात दाखवावे. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराभोवतीच्या गाठी बहुतेक सौम्य असतात आणि नसबंदीने पुष्कळदा ओसरतात. मादीच्या स्तनांच्या रांगेत हाताला लागणारा खडा मात्र सुमारे निम्म्या वेळा घातक निघतो. १९६९ साली श्नायडर आणि सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या माजापूर्वी नसबंदी झालेल्या मादीत ही जोखीम नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेत अर्ध्या टक्क्यावर, पहिल्या माजानंतर आठ टक्क्यांवर आणि दुसऱ्यानंतर सव्वीस टक्क्यांवर असल्याचे दिसले होते. या आकड्यांच्या काटेकोरपणाविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, पण पशुवैद्याच्या सल्ल्यात ते अद्याप ठाण मांडून आहेत.

घरी करण्याजोगे काम थोडे आहे आणि ते करण्याचा लोकांना कंटाळा आहे. महिन्यातून एकदा कुत्र्याला आडवे करून जबड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, काखेत, जांघेत आणि बोटांच्या पेरांत हात फिरवावा. गाठ लागली तर तिची जागा, फूटपट्टीने घेतलेले माप आणि तारीख वहीत लिहावी. गाठ पिळू नये, तिच्यावर चुना-हळद थापू नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून देऊ नयेत. त्या गोळ्यांनी काही अर्बुदे तात्पुरती आकसतात, आणि मग सुईलाही धड काही सापडत नाही. चरबीची गाठ ठरली तर तिला बिनदिक्कत तशीच राहू द्यावी, फक्त काखेत वाढून चालण्याला आड येऊ लागली तर काढावी. वयाचा बाऊ हा या सगळ्यांत मोठा अडथळा आहे. बारा वर्षांच्या कुत्र्याला भूल सोसणार नाही, हे वाक्य क्लोरोफॉर्मच्या काळात पुष्कळ अंशी खरे होते. आजच्या भुलीपूर्वी रक्त, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणी होते, आणि निर्णय त्या तपासणीवरून करायचा असतो, जन्मसालावरून नव्हे. दुखणे अंगावर काढण्याची आपली जुनी खोड आपण आपल्यापुरती ठेवली असती तर एक वेळ चालले असते. ती आपण मुक्या जनावरावरही लादली आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न मुंबईने १८३२ पासून सोडलेला नाही. २००१ च्या प्राणिजनन नियंत्रण नियमांनी त्याला मारण्याऐवजी त्याची नसबंदी करून, पिसाळाची लस टोचून, जेथून उचलले तेथेच सोडण्याचे ठरविले, आणि त्यामुळे पूर्वी क्वचित दिसणारा म्हातारा भटका कुत्रा आता गल्लीगल्लीत दिसतो. नसबंदीसाठी पकडून आणलेल्या कुत्र्यावर ती संसर्गजन्य गाठ आढळते तेव्हा शस्त्रक्रियेसाठीचा पिंजरा काही दिवसांपुरताच असतो आणि सदाफुलीचे औषध मात्र चार-सहा आठवडे चालवायचे असते. मधली तूट भरून काढतात ती त्याला दोन वेळा भात घालणारी माणसे: पिठाच्या गिरणीवरचा कामगार, सोसायटीचा पहारेकरी, निवृत्त शिक्षिका. दर आठवड्याला ती त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणतात, आणि केसपेपरावर मालकाच्या रकान्यात आपले नाव लिहून देतात.